शर्यतच रद्द झाली तेव्हा : एका पूर्णवेळ कॅनोइंगपटूचे प्रकरण

या प्रकरणातील खेळाडू आणि त्याच्या भोवतीची माणसे कल्पित आहेत. नियम, अंतरे, तारखा आणि नावानिशी आलेले खेळाडू मात्र खरे आहेत. प्रकरण रचून लिहिण्याचे कारण असे, की ऑलिंपिकचे ध्येय ठेवून पूर्णवेळ सराव करणाऱ्या माणसाविषयी लिहायला बसले की लेखणी आपोआप त्याच्या कष्टांकडे वळते, आणि ते कष्ट कोणत्या दिशेने जात आहेत हे ठरवणारे दोन-तीन निर्णय कोपऱ्यात पडून राहतात. येथे कष्ट गृहीत धरले आहेत. तपासायचे आहे ते एवढेच, की ज्या शर्यतीसाठी माणसाने बाकी सगळे सोडले ती शर्यतच ऑलिंपिकच्या कार्यक्रमातून गेली, तेव्हा त्याने काय केले आणि काय करायला हवे होते.

खेळाडूचा प्रकार सी-१, म्हणजे एकट्याने वल्हवायची कॅनो. कयाक आणि कॅनो हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून थोडा खुलासा करतो. कयाकमध्ये खेळाडू बसतो, त्याच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते आणि बोटीला पायाने वळवायचे सुकाणू असते. कॅनोमध्ये तो एका गुडघ्यावर टेकतो, दुसरे पाऊल पुढे रोवतो, एकाच पात्याचे वल्हे एकाच बाजूला मारतो, आणि बोटीला सुकाणू नसते. एकाच बाजूने जोर लावल्यावर बोट दुसऱ्या बाजूला वळणारच. ती सरळ ठेवण्यासाठी प्रत्येक फटक्याच्या शेवटी पाते किंचित बाहेर वळवावे लागते, आणि त्या वळवण्यात दर वेळी थोडा वेग खर्च होतो. बोट जास्तीत जास्त ५२० सेंटीमीटर लांब आणि इतकी अरुंद असते, की नवख्याला तिच्यात टेकून राहणेही जमत नाही. आपला खेळाडू डाव्या बाजूने वल्हवणारा, म्हणजे डावा गुडघा खाली आणि उजवे पाऊल पुढे. ही बाजू लहानपणी एकदा ठरली की सहसा आयुष्यभर बदलत नाही. या प्रकरणात पुढे तिला बरेच महत्त्व येणार आहे.

शर्यत आली आणि गेली

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपर्यंत पुरुषांच्या शर्यती ५०० आणि १००० मीटरच्या असत. २०१२ मध्ये लंडनला ५०० मीटरचा पल्ला काढून २०० मीटरचा आणला गेला. त्या बदलाचा सर्वाधिक लाभ युक्रेनच्या युरी चेबानला झाला. बीजिंगला सी-१ ५०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलेल्या या खेळाडूने लंडन आणि रिओ अशा दोन्ही ठिकाणी सी-१ २०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. कार्यक्रमातल्या बदलाने कुणाचे दार बंद होते तसे कुणाचे उघडतेही, याचे हे उदाहरण आपल्या खेळाडूच्या डोळ्यांसमोर होते. लंडनची शर्यत पाहिली तेव्हा तो १७ वर्षांचा होता. शरीराने दणकट, सुरुवातीच्या ५० मीटरमध्ये बोट पाण्यावर उचलून धरणारा आणि त्यानंतर धाप लागणारा असा तो मुलगा असल्याने प्रशिक्षकाने त्याला २०० मीटरचाच खेळाडू म्हणून घडवले, आणि तेव्हा ते बरोबरच होते.

रिओसाठी त्याची निवड झाली नाही. त्याची उत्तम वेळ ४१ सेकंदांच्या आसपास होती आणि रिओत चेबान ३९ सेकंदांहून किंचित जास्त वेळात जिंकला. दोन सेकंद हे ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या वेगाने बोट सेकंदाला साधारण पाच मीटर जाते, म्हणजे अंतर दहा मीटरचे, जवळजवळ दोन बोटींच्या लांबीचे. हे चार वर्षांत भरून निघण्याजोगे आहे असे त्याने आणि प्रशिक्षकाने मिळून ठरवले. २०१६ च्या अखेरीस त्याने नोकरी सोडली आणि पूर्णवेळ सराव सुरू केला.

जून २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियोचा कार्यक्रम जाहीर केला. रिओत स्प्रिंट कॅनोइंगच्या, म्हणजे संथ पाण्यावर सरळ रेषेत होणाऱ्या, १२ शर्यतींपैकी ८ पुरुषांच्या आणि ४ स्त्रियांच्या होत्या. टोकियोत त्या सहा-सहा झाल्या. त्यासाठी पुरुषांच्या ज्या शर्यती गेल्या त्यांत सी-१ २०० मीटर होती, आणि जागा मिळालेल्यांत स्त्रियांची सी-१ २०० मीटर आणि सी-२, म्हणजे दोघांच्या कॅनोची, ५०० मीटर होती. हा बदल न्याय्य होता हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. हा खेळ १९३६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि तेव्हापासून रिओपर्यंत स्प्रिंटमध्ये स्त्रियांना कॅनोची एकही शर्यत नव्हती. कयाक तेवढी १९४८ पासून होती. पण न्याय्य निर्णयाचाही कुणाला तरी फटका बसतो, आणि येथे तो ज्याला बसला त्याने सहा-सात महिन्यांपूर्वीच नोकरी सोडलेली होती.

तीन वर्षांची नोंदवही

टोकियोसाठी पुरुषांच्या कॅनोमध्ये दोनच शर्यती उरल्या होत्या, सी-१ १००० मीटर आणि सी-२ १००० मीटर. खेळाडूने पहिली निवडली. निवडली म्हणणेही तसे बरोबर नाही, कारण निवड करण्यासाठी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात आणि तसे काही झाल्याचे दिसत नाही. अंतर पाचपट झाले, तेव्हा सराव वाढवला पाहिजे, एवढाच विचार झाला. आठवड्याला ६० किलोमीटर वल्हवणारा माणूस पहिल्याच हिवाळ्यात ११० वर गेला.

२०० आणि १००० मीटर हे एकाच खेळाचे दोन पल्ले असले तरी शरीराच्या दृष्टीने ती वेगवेगळी कामे आहेत. कयाकवर झालेल्या अभ्यासांतून सर्वसाधारण चित्र असे दिसते, की २०० मीटरला लागणाऱ्या ऊर्जेपैकी एक तृतीयांशाहून थोडी अधिक ऊर्जा श्वासातून घेतलेल्या प्राणवायूच्या आधारे मिळते, ५०० मीटरला ती साठ टक्क्यांच्या आसपास जाते आणि १००० मीटरला ऐंशीच्या. २०० मीटरमध्ये फटक्यांची गती मिनिटाला सत्तरच्या पुढे असते, तर १००० मीटरमध्ये ती बऱ्याच खाली ठेवावी लागते आणि प्रत्येक फटक्याला बोट अधिक लांब सरकली पाहिजे. त्यात पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक टक्का वाढवायचा तर शक्ती जवळजवळ तीन टक्के जास्त लागते. मग सुरुवातीला दोनशे मीटरच्या सवयीने निघालेला माणूस शेवटच्या चारशे मीटरमध्ये त्या सवयीची किंमत मोजतो.

त्याच्या नोंदवहीतला मार्च २०१८ चा एक आठवडा पाहण्यासारखा आहे. सोमवार ते शनिवार रोज तीन सत्रे, म्हणजे पहाटे पाणी, दुपारी व्यायामशाळा आणि संध्याकाळी पुन्हा पाणी. प्रत्येक सत्रासमोर अंतर आणि वेळ लिहिलेली आहे. नाडीचे ठोके पहिल्या दोन दिवशी लिहिले आहेत, पुढे तो रकाना कोरा. शेरे मात्र रोज आहेत, आणि ते बहुतेक एकसारखे आहेत : ‘जड वाटले’, ‘जड’, ‘कमरेत धरले, जड’. शनिवारी फक्त ‘पूर्ण केले’. एकही सत्र खरोखर सावकाश नाही आणि एकही खरोखर वेगवान नाही. सगळी मधल्या जोराची, म्हणजे दमवणारी, पण दम वाढवायला आणि वेग टिकवायला दोन्हींना अपुरी. दमसास वाढवण्यासाठी लांब आणि हलके वल्हवावे लागते, इतके हलके की शेजारच्या बोटीतल्या माणसाशी नीट बोलता यावे. स्वतःला आळशी समजण्याची भीती वाटणाऱ्या खेळाडूला हे फार अवघड जाते, आणि नोकरी सोडून आलेल्याला तर आणखीच.

माझ्या मते या प्रकरणातली मुख्य चूक याच पानांवर आहे. पूर्णवेळ खेळाडू होण्याचा खरा लाभ दोन सत्रांच्या मधल्या वेळात असतो. त्या वेळात जेवण होते, झोप होते, स्नायू दुरुस्त होतात. नोकरी सोडून मिळालेले आठ तास त्याने तिसऱ्या सत्रात आणि ये-जा करण्यात घालवले. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याचे वजन चार किलोने उतरले, वर्षभरात चार वेळा सर्दी-तापाने सराव थांबला आणि डाव्या बाजूला गुडघ्यावर टेकून धड वळवताना कंबर दुखू लागली. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणे कमी पडले की केवळ वजन जात नाही, तर रोगप्रतिकारशक्ती, हाडे आणि संप्रेरके या सगळ्यांवर परिणाम होतो. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधलेले होते. तरीही त्याच्या वहीत जेवणाविषयी एक ओळही नाही. १००० मीटरची त्याची वेळ चार मिनिटांच्या थोडी खाली आली आणि तेथेच थांबली. जागतिक अंतिम फेरीतले खेळाडू त्याहून कितीतरी पुढे होते. २०० मीटरची वेळ दरम्यान अर्ध्या सेकंदाने बिघडली.

त्यातच ऑलिंपिकमध्ये नसलेल्या प्रकाराच्या खेळाडूंचे साहाय्य संघटनेने कमी केले, तेव्हा त्याने संध्याकाळची अर्धवेळ नोकरी धरली. तिसरे सत्र सुटले ते या नोकरीमुळे, आणि गंमत अशी की पुढच्या दोन महिन्यांतल्या वेळा थोड्या सुधारल्या. ते कुणाच्या लक्षात आले नाही. वहीत त्या सुधारणेसमोर ‘वारा पाठीशी?’ असे लिहिले आहे.

२०१९ च्या हंगेरीतल्या सेगेडच्या जागतिक स्पर्धेत, जेथे टोकियोच्या बहुतांश जागा ठरल्या, तो १००० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला नाही.

डिसेंबर २०२० : चार वाटा

टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकलले गेले होते आणि सराव अधूनमधून बंद पडत होता. अशात ७ डिसेंबर २०२० रोजी पॅरिसचा कार्यक्रम मंजूर झाला. स्प्रिंटच्या शर्यती १२ वरून १० वर आल्या, आणि पुरुषांच्या सी-२ १००० मीटरच्या जागी सी-२ ५०० मीटर आली. खेळाडू तेव्हा २५ वर्षांचा होता. या वेळी मात्र नव्या प्रशिक्षिकेने त्याला बोटीत बसू देण्याआधी कागदावर बसवले.

पहिली वाट १००० मीटर एकट्याने चालू ठेवण्याची होती. तिच्या बाजूने एकच गोष्ट होती, जोडीदार लागत नाही. ब्राझीलचा इसाकियास केरोझ याने रिओत सी-१ १००० मीटरमध्ये रौप्य आणि सी-१ २०० मीटरमध्ये कांस्य अशी दोन्ही पदके मिळवली होती, त्यामुळे दोन टोकांचे पल्ले एकाच माणसाला जमूच शकत नाहीत असे नाही. पण तीन वर्षांच्या वेळा समोर असताना अपवादाचे उदाहरण देऊन स्वतःची समजूत घालणे बरे नाही, असे प्रशिक्षिकेचे म्हणणे होते आणि ते योग्य होते.

दुसरी वाट २०० मीटरकडे परत जाण्याची. जागतिक स्पर्धेत पुरुषांची सी-१ २०० मीटर चालूच होती आणि त्याच्या शरीराला तीच सर्वांत मानवत होती. तेथे त्याला अंतिम फेरीची आशा धरता आली असती. ऑलिंपिक मात्र सोडून द्यावे लागले असते, आणि साहाय्यही. या वाटेला कमी लेखण्याची आपल्याकडे सवय आहे. माझ्या दृष्टीने ती चारांपैकी सर्वांत प्रामाणिक वाट होती, आणि त्याने ती का नाकारली हे मला त्याच्या नोंदींवरून पुरते समजलेले नाही. ‘ते पुरेसे नाही’ एवढेच तो लिहितो.

तिसरी वाट थांबण्याची. तिच्यावर अर्धे पान आहे आणि ते खोडलेले आहे.

चौथी वाट सी-२ ५०० मीटर. ही शर्यत पुरुषांसाठी साधारण एक मिनिट चाळीस सेकंदांची, म्हणजे २०० मीटरच्या खेळाडूला लांब आणि १००० मीटरच्या खेळाडूला आखूड. त्याची सुरुवातीची ताकद येथे उपयोगी होती. तीन वर्षांत जे काही दमाचे काम झाले होते तेही अगदीच वाया जाणार नव्हते. अट एकच, उजव्या बाजूने वल्हवणारा तुल्यबळ जोडीदार हवा, कारण सी-२ मध्ये एक डावीकडे आणि एक उजवीकडे वल्हवतो. कितीही चांगला असला तरी दुसरा डाव्या बाजूचा वल्हेकरी त्याच्या बोटीत चालणार नव्हता. उलट तो त्याचा प्रतिस्पर्धीच ठरणार होता.

या वाटेत आणखी एक गोष्ट गुंतलेली होती आणि ती त्या दिवशी कागदावर आली नाही. पात्रता स्पर्धेत मिळवलेली जागा खेळाडूची नसते, ती देशाच्या ऑलिंपिक समितीची असते. बोटीने जागा मिळवली तरी त्या बोटीत ऑलिंपिकला कोण बसेल हे नंतर ठरते. तिघांनाही, म्हणजे प्रशिक्षिका, खेळाडू आणि पुढे आलेला जोडीदार यांना, हा नियम माहीत होता. माहीत असणे आणि हिशेबात धरणे यांत फरक आहे.

दोन चौकटींचे अंतर

जोडीदार मिळाला तो १००० मीटरचा खेळाडू, उजव्या बाजूचा, आपल्या खेळाडूपेक्षा नऊ किलोने जड आणि तीन वर्षांनी मोठा. प्रशिक्षिकेने आपल्या खेळाडूला पुढे टेकवले आणि जोडीदाराला मागे. पुढचा माणूस फटक्यांची लय ठरवतो. मागच्याने ती धरायची असते, ताकद द्यायची असते आणि बोट सरळ ठेवण्याचे बरेचसे कामही करायचे असते, तेही पुढच्या पात्याने आधीच ढवळलेल्या पाण्यात.

पहिल्या दिवशी बोट डुलत होती आणि दर फटक्याला खेळाडूच्या पाठीवर पाणी उडत होते. मागचा उशीर करतो, अशी त्याची तक्रार. पुढचा घाई करतो, ही मागच्याची. प्रशिक्षिकेने बाजूने मोटारबोट घेऊन मोबाइलवर चित्रण केले आणि किनाऱ्यावर आल्यावर ते एकेक चौकट थांबवून दोघांना दाखवले. सेकंदाला तीस चौकटींच्या त्या चित्रणात पुढचे पाते पाण्यात शिरल्यावर मागचे दोन चौकटींनंतर शिरत होते. दोन चौकटी म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, पण पाच मीटर वेगाने जाणारी बोट तेवढ्यात ३३ सेंटीमीटर पुढे सरकते. म्हणजे दोघे एका बोटीत असूनही पाणी वेगवेगळ्या ठिकाणी पकडत होते, आणि एकाने बोट ओढायला सुरुवात केली की दुसरा तिला त्या क्षणी किंचित अडवत होता.

जोडीदाराला घाई करायला सांगणे हा सोपा उपाय होता आणि तो प्रशिक्षिकेने टाळला. जड माणूस घाईने वल्हे मारू लागला की पाते पाण्यात पुरते बुडण्याआधीच ओढ सुरू होते, आणि नुसते पाणी उडते. तिने उलट पुढच्याला थांबायला शिकवले. सहा आठवडे मिनिटाला पन्नासहून कमी फटके आणि प्रत्येक फटक्याआधी पाते पाण्यावर क्षणभर तरंगत ठेवायचे, म्हणजे मागच्याला तो क्षण दिसतो. दरम्यान मागच्या वजनाने बोटीचे शेपूट बुडत होते, म्हणून गुडघ्याखालचा फोमचा ठोकळा पाच सेंटीमीटर पुढे सरकवला. तो ठोकळा खेळाडूने स्वतः चाकूने कोरलेला, वर्षानुवर्षांच्या पाण्याने काळपट झालेला आणि त्याच्या डाव्या गुडघ्याचा खोल ठसा असलेला होता. तो सरकवताना आपल्याला बोटीतून काढून टाकल्यासारखे वाटले, असे तो लिहितो. जुन्या आणि नव्या जागेच्या चिकटपट्टीच्या खुणा दोन महिने बोटीत तशाच होत्या. एप्रिलमधल्या चित्रणात दोन्ही पाती एकाच चौकटीत पाण्यात शिरताना दिसतात.

याच काळात सराव पुन्हा रचला गेला. आठवड्याला दहा सत्रे, त्यांतली सहा पाण्यावर. बहुतेक किलोमीटर हलके, दोन सत्रे खरोखर कठीण, आणि दुपारी झोप. संध्याकाळची नोकरी सकाळच्या दोन दिवसांवर आणली गेली, पैशाची ओढाताण राहिलीच. उत्तेजक चाचणीच्या यादीत नाव आल्यामुळे रोज एका ठरावीक तासाला तो कोठे सापडेल हे कळवणे बंधनकारक झाले. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर तो नियमभंग धरला जातो. घर आणि बोटक्लब यांच्यात कायम ये-जा करणाऱ्या माणसाला हा नियम वाटतो त्याहून जाचक असतो.

ड्युइसबुर्ग, आणि त्यानंतरचा एप्रिल

ऑगस्ट २०२३ मध्ये जर्मनीतल्या ड्युइसबुर्गच्या जागतिक स्पर्धेत पॅरिसच्या बहुतांश जागा ठरल्या. या जोडीने सी-२ ५०० मीटरमध्ये कोट्यापुरता क्रमांक मिळवला. उपांत्य फेरीत त्यांची सुरुवात सर्वांत वेगवान होती आणि शेवटच्या १५० मीटरमध्ये दोन बोटी त्यांना मागे टाकून गेल्या. जागा मिळाल्यामुळे त्या १५० मीटरची चर्चा त्या रात्री झाली नाही, आणि पुढच्या सरावाच्या आखणीतही ती फारशी शिरली नाही.

हिवाळ्यात २१ वर्षांचा एक डाव्या बाजूचा वल्हेकरी पुढे आला. एप्रिल २०२४ मध्ये निवडीसाठी सीट रेस झाली. तिची पद्धत अशी, की दोन बोटी शेजारी धावतात, मग डाव्या बाजूच्या दोघांची अदलाबदल करून पुन्हा धावतात आणि दोन्ही धावांतल्या फरकांची बेरीज घेतात. पहिल्या धावेत आपला खेळाडू आपल्या जोडीदारासह अर्ध्या सेकंदाने जिंकला. अदलाबदलीनंतर तोच जोडीदार त्या तरुणाबरोबर नऊ दशांश सेकंदाने जिंकला. बेरजेत तरुण चार दशांश सेकंद पुढे होता, म्हणजे दोन मीटर.

दोन धावांच्या मधल्या वेळात वारा बाजूला वळला होता. बाजूचा वारा सुकाणू नसलेल्या बोटीला ढकलतो आणि ती सरळ ठेवण्यात फटके खर्ची पडतात. दुसऱ्या धावेत आपला खेळाडू अनोळखी जोडीदाराबरोबर वाऱ्याच्या बाजूच्या लेनमध्ये होता. त्याने तिसऱ्या धावेची मागणी केली, निवड समितीने ती नाकारली. समितीचे वागणे नियमाबाहेरचे नव्हते, कारण वारा किती असला की धाव रद्द धरायची याचा नियमच केलेला नव्हता. हा दोष गंभीर आहे. ज्या खेळात स्त्रियांची सी-१ २०० मीटर पॅरिसला एक शतांश सेकंदाने, म्हणजे ४४.१२ विरुद्ध ४४.१३ अशी ठरली, त्या खेळातल्या निवडीत वाऱ्याची मर्यादा आधी लिहून ठेवायला काय हरकत होती?

तरीही केवळ वाऱ्यावर बोट ठेवून प्रकरण संपत नाही. दोन्ही धावांचे पन्नास-पन्नास मीटरचे टप्पे नंतर मांडून पाहिले, तेव्हा पहिल्या ३५० मीटरमध्ये तो दोन्ही वेळा पुढे किंवा बरोबरीने होता, आणि जे गेले ते दोन्ही वेळा शेवटच्या १५० मध्ये गेले. जिंकलेल्या धावेतही अखेरीस त्याची आघाडी घटत होती. ड्युइसबुर्गला जेथे बोट मागे पडली तेथेच तो आठ महिन्यांनंतर पुन्हा मागे पडला. २०१७ ते २०२० या काळात त्याने हजारो किलोमीटर वल्हवले आणि त्यांतून जो दम यायचा तो आला नाही, कारण ते किलोमीटर त्या कामाचे नव्हतेच. नंतरच्या तीन वर्षांत रचना सुधारली, पण पाया रचायला लागणारी वर्षे परत मिळाली नाहीत.

पॅरिसची अंतिम शर्यत त्याने घरून पाहिली. ती चीनच्या लिऊ हाओ आणि जी बोवेन यांनी जिंकली. यांतला लिऊ हाओ म्हणजे टोकियोत सी-१ १००० आणि सी-२ १००० मीटर या दोन्हींत रौप्यपदक मिळवणारा, म्हणजे लांब पल्ल्याचा माणूस. त्या रात्रीच्या नोंदीत खेळाडूने शर्यतीचे वर्णन केलेले नाही, फक्त शेवटच्या १५० मीटरला लागलेला वेळ लिहून त्याखाली रेघ मारली आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने नवी वही सुरू केली. पहिल्या पानावर रकाने आखलेले आहेत. नाडीचा रकाना अंतराच्या आधी आहे, शेऱ्यासाठी फार थोडी जागा ठेवली आहे, आणि तिसऱ्या सत्राच्या रकान्यात सोमवारपासून शनिवारपर्यंत ‘झोप’ असे लिहून ठेवले आहे.